सालूबाई आणि बाहेरची कडी

कुणी म्हणजे कुणी तिचा शब्द धरला नाही. पंचांनी धरला नाही, बायांनी धरला नाही. ज्यांच्या चुलीवर तिनं दळलेलं पीठ शिजत होतं, त्यांनीसुद्धा धरला नाही. "आत माणूस जित्तं हाय," असं ती घसा फाटेस्तोवर सांगत राहिली आणि आळी म्हणत राहिली, सालूबाईच्या डोक्यात ताप गेलाय, बडबडू द्या. आज तिच्या नावानं हात जोडतात ती त्याच लोकांची पतवंडं. आधी ऐकायचं नाही आणि मागनं हात जोडायचे, ही माणसाची जुनी खोड. ती आपल्यानं सुटायची नाही. गोष्ट मात्र पहिल्यापासून ऐका.

ही फार वर्षांपूर्वीची, मानमोडीच्या सालातली. आज अंग दुखलं, उद्या ताप, परवा माती, असा तो ताप. मान मोडल्यागत माणूस पडायचा, म्हणून मानमोडी. आडगव्हाणच्या गावकुसाबाहेर, ओढ्याच्या अंगाला ख्रिस्ती मंडळीची आळी होती. वीसेक घरं, बहुतेक पाचटाच्या छपराची. येशूचं एक बुटकं देऊळ, देवळापुढं लिंब. पाळकबाबा उपासना घ्यायला घोड्यावरनं महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे दिवस आळी आणि देव, दोघंच एकमेकांना बघून घ्यायचे.

त्या आळीत सालोमी राहायची. देवळाच्या वहीत सालोमी, आळीच्या तोंडात सालूबाई. ती दळणारीण होती. तिचा आवाज काही गोड नव्हता. जात्यासारखाच खरबरीत होता, पण जात्यासारखाच टिकायचा. असं म्हणतात की ती गायला लागली की रडणारी तान्ही पोरं गप्प व्हायची. सुखानं व्हायची का भीतीनं, ते कुणी सांगत नाही.

देवळातली गायनं ती देवळात गायची. जात्यावर मात्र तिची स्वतःची ओवी होती. ओवी दोन ओळींची, कारण जात्याला बायाही दोन. समोरासमोर बसायचं, एकाच खुंट्याला दोघींनी हात घालायचा. सालूबाई पहिली ओळ टाकायची:

दळिता कांडिता, माझ्या शिणल्या गं बाह्या…

आणि समोर बसलेली तिची धाकटी जाऊ तबिता दुसरी ओळ उचलायची:

खुंट्याला लावी हात, येशू माझा भाऊराया.

एवढीच ओवी. ना राग, ना चाल नवी. पण दहा पायल्या दळून झाल्या तरी ती संपायची नाही, आणि ती चालू असली की दळण जड वाटायचं नाही. तबिताला नवरा नव्हता. रेल्वेच्या कामावर सुरुंगाचा धोंडा लागून तो गेला होता. तेव्हाही दोघींनी मिळून हेच गायलं होतं. रडायला वेळ कुणाला होता? दळता दळताच रडून घेतलं.

मग मानमोडीच्या आदल्या वर्षी तबिताची सहा वर्षांची लेक रिबका गोवरानं पडली. सालूबाई उशाशी बसून तीन दिवस गात होती. तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना गाणं चालू असतानाच पोर गेली. सालूबाईला कळलंसुद्धा नाही, ती आपली गातच होती. तबिता उठली आणि तिच्या तोंडावर हात दाबून म्हणाली, "गप. तुझ्या गाण्यानं माझी लेक ऱ्हायली का? पुन्हा माझ्या दारात तोंड उघडू नगंस, आक्का."

त्या दिवसापासून तबितानं जातं सोडलं. आळीच्या टोकाला आपल्या छपरात एकटी राहायला लागली. देवळात यायची, पण गायनाला उभं राहून ओठ मिटून घ्यायची. वर्षभर तिच्या तोंडातनं एक ओळ कुणी ऐकली नाही. आणि सालूबाई एका हातानं दळायला लागली.

अशात मानमोडी आली.

आळीत पहिले दोघं गेले ते म्हातारे. तिसरा गेला तो सालूबाईचा नवरा. त्याला पुरून आल्यावर तिनं पाय धुतले आणि जात्यावर बसली, कारण घरोघर माणसं पडलेली होती आणि आंबिलीला पीठ पाहिजे होतं. लोक म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं. दगडाचंच होतं, पण जात्याच्या दगडाचं, फिरणारं.

आता घरात शिरायला सगळे भीत होते. कोण जगलंय, कोण गेलंय, कळायला मार्ग नव्हता. तेव्हा सालूबाईनं एक रीत घातली. तांबडं फुटायला आंबिलीचं मडकं डोक्यावर घेऊन ती आळीनं निघायची. दारापुढं उभं राहून पहिली ओळ टाकायची. आतनं दुसरी ओळ आली की समजायचं, माणूस आहे. दारात आंबील ठेवायची आणि पुढं जायचं. ओळ आली नाही तर नहूमदादाला सांगायचं. नहूमदादा खड्डे खणणारा. तो दार उघडून आत बघायचा, मगच बाहेरनं कडी लावायचा, खड्डा होईस्तोवर कुत्री शिरू नयेत म्हणून. दारापुढं बाभळीच्या काट्या टाकायचा. बघायचं काम नहूमचं, गायचं काम सालूबाईचं, असं ठरलेलं.

असं म्हणतात की त्या गाण्यावर माणसं जगली. शेवंताआजी तापातनं उठल्यावर सांगायची, "जीव पार गळ्याशी आलता. पर म्हनलं, सकाळी सालू येईल, दुसरी ओळ द्याया पायजे. न्हाईतर ती अवदसा मला पुरून टाकील." आणि दर सकाळी आवाज कमी होत जायचे. ज्या घरातनं सहा गळे उत्तर द्यायचे तिथं चार व्हायचे, मग दोन. एका घरातनं नुसता एक बारीक आवाज यायचा, तो पहिली ओळ आणि दुसरी ओळ दोन्ही म्हणायचा, म्हणजे सालूबाई पुढं गेली तरी गाणं थांबायचं नाही. सालूबाई रडायची नाही. दमून गेली होती. दमलेल्या माणसाला रडू येत नाही, ते नंतर येतं.

तबिताच्या दारातही ती रोज थांबायची. पहिली ओळ टाकायची. आतनं दुसरी ओळ यायची नाही. आतनं दारावर मुसळ आपटायचं, धाडकन. तेच तबिताचं उत्तर.

"जित्ती हायेस तर," सालूबाई म्हणायची.

"तुला पुरल्याबगर मरत न्हाई," आतनं यायचं.

आंबील दारात ठेवून सालूबाई परत फिरायची. असं म्हणतात की सगळ्या आळीत ती हसायची ती तेवढ्या एका दारात.

मग एका शुक्रवारी मुसळ वाजलं नाही.

त्या सकाळी आधीच्या तीन दारांतनं ओळ आली नव्हती. सालूबाईच्या स्वतःच्या अंगात कणकण होती. नहूमदादा ओढ्याकाठी कमरेइतक्या खड्ड्यात उभा होता आणि त्यालाही ताप भरत होता. सालूबाई तबिताच्या दारापुढं उभी राहिली. एकदा ओळ टाकली. आत सामसूम. दुसऱ्यांदा टाकायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. दार ढकलायला हात पुढं केला आणि मागं घेतला. तबिताचं मेलेलं तोंड बघायची तिच्यात ताकद नव्हती. खरं ते एवढंच. बाकी लोक काही सांगू देत. तिनं हात वर केला आणि आपल्या हातानं बाहेरनं कडी लावली.

मग ओढ्यावर जाऊन नहूमदादाला म्हणाली, "तबिता गेली."

नहूमदादानं फावडं टेकलं. "बघाया येतू."

"नगं. तू दमलायस. म्या बघितलंय."

नहूमदादानं तिच्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग आला आणि कडी लावलेल्या दारापुढं बाभळीच्या काट्या टाकून गेला.

दुसऱ्या सकाळी सालूबाई त्या दारावरनं मुकाट जात होती. काट्या टाकलेल्या दारापुढं गायचं नसतं. पण पलीकडच्या घरापुढं तिनं पहिली ओळ टाकली, आणि दुसरी ओळ आली ती मागनं. तबिताच्या दाराआडनं. बारीक, फाटकी, जात्यातनं शेवटचा चिमूटभर कोंडा पडावा तशी. वर्षभरात पहिल्यांदा.

आंबिलीचं मडकं तिथंच फुटलं.

ती पळत एलीयाबाबाकडं गेली. एलीयाबाबा मंडळीचे थोरले पंच. माणूस वाईट नव्हता. दोन लेक पुरलेले होते त्यानं त्या आठवड्यात, आणि देवळाच्या पायरीवर नुसता बसून असायचा.

"बाबा, तबिता जित्ती हाय. गायली ती."

एलीयाबाबानं मान वर केली. "कोन? तबिता?" आणि ते हसले. त्या दिवसांत कुणी हसलं की भीती वाटायची. "अगं, धडधाकट असताना जी एक ओळ गायली न्हाई, ती मेल्यावर गायला लागली व्हय? घरी जा सालू, तुला वात झालाय."

भोवती चार बाया जमल्या. त्यातली एक म्हणाली, "काल तूच म्हनलीस ना म्या बघितलंय म्हनून? मग मेलेली बघितलीस का झोपलेली?"

इथं सालूबाईनं एक वाक्य म्हणायचं होतं. फक्त एक. 'म्या बघितलं न्हाई.' एवढं म्हणाली असती तर नहूमनं त्या क्षणी काट्या ओढल्या असत्या. पण ते वाक्य तिच्या तोंडातनं निघेना. ज्या बाईच्या शब्दावर आळी पुरायचं का जगवायचं ठरवत होती, त्या बाईनं न बघता कडी लावली, हे कसं सांगायचं? ती म्हणाली, "म्या ऐकलं ते खरं हाय." आणि तेच तेच म्हणत राहिली. अर्धं खरं सांगणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? कुणी ठेवला नाही. बायांनी तिला धरून घरी नेलं आणि पांघरुणात गुंडाळलं.

त्याच दिवशी नहूमदादाला फावडं उचलेना. काट्या टाकलेली चार घरं आळीत होती आणि खणणारा कुणी उरला नव्हता. एलीयाबाबानं ठरवलं, रविवारी उपासना करायची आणि चारही छपरं पेटवून द्यायची. माती देता येत नाही तर निदान कुत्र्यांना तरी द्यायचं नाही. वाईट ठरवलं असं कसं म्हणावं? त्या वेळी जे सुचायचं ते सगळं असलंच सुचायचं.

रविवारी उजाडलं तेव्हा सालूबाई पांघरुणात नव्हती. ती तबिताच्या दारापुढं काट्यांत बसली होती. उघड्या हातांनी बाभळीच्या काट्या ओढत होती. पुढं लोक म्हणायला लागले की काट्यांनी तिला वाट दिली, काट्यांना फुलं आली. काट्या कुणाला वाट देत नसतात. हात फाटले तिचे, कोपरापर्यंत. पण तापानं अंगात बळ नव्हतं, आणि काट्या एकमेकींत गुंतल्या होत्या.

एलीयाबाबा हातात पेटतं कोलीत घेऊन आले. मागं उरलीसुरली आळी. नहूमदादा काठीवर भार टाकून आला.

"ऊठ सालू," एलीयाबाबा म्हणाले. "पोरी, ऊठ. मलाबी बरं वाटत न्हाई हे."

सालूबाई उठली नाही. तिनं पहिली ओळ टाकली. तिचा तो टिकणारा आवाज त्या दिवशी पार फाटला होता.

दळिता कांडिता, माझ्या शिणल्या गं बाह्या…

आत सामसूम. कुणीतरी हुंदका दिला. एलीयाबाबा एक पाऊल पुढं आले.

तिनं दुसऱ्यांदा टाकली. सामसूम. कोलिताच्या ठिणग्या पाचटावर उडायला लागल्या.

तेव्हा सालूबाई आळीकडं वळली आणि ओरडली, "म्या बघितलं न्हाई! कडी म्या लावली, आत बघितलं न्हाई! म्या खोटं बोलले!" आणि परत दाराकडं तोंड करून तिसऱ्यांदा ओळ टाकली.

आणि असं म्हणतात की उत्तर आलं. एका दारातनं नाही. चारही दारांतनं आलं. ज्या घरांतली माणसं मरून तीन-तीन दिवस झाले होते, त्या घरांतनंसुद्धा आलं. म्हाताऱ्यांचे आवाज, बायांचे आवाज, आणि त्यांत एक सहा वर्षांच्या पोरीचा, जिला वर्षापूर्वी पुरलं होतं. 'खुंट्याला लावी हात, येशू माझा भाऊराया.' भिंती गायल्या, असं म्हणतात. लिंबावरचे कावळे उडाले आणि एलीयाबाबाच्या हातातलं कोलीत आपोआप विझलं. खरं का खोटं, मला विचारू नका. आळीत जे जे तिथं उभे होते, ते मरेपर्यंत हेच सांगत होते, आणि त्यातल्या कुणालाही कौतुकानं बोलायची सवय नव्हती.

नहूमदादानं काठी टाकली आणि काट्यांत हात घातला. मग सगळ्यांनीच घातला. चारही दारं उघडली. तीन घरांत जे असायचं तेच होतं. चौथ्यात, दाराला लागूनच, तबिता पडली होती. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. हात मुसळावर होता.

सालूबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तिच्या तोंडात पाण्याचं बोट घातलं. बराच वेळ गेला. मग तबिता बोलली. पहिलं वाक्य काय बोलली ते आळीत लहान पोरालाही पाठ आहे.

"काय करू आक्का," ती म्हणाली, "मुसळ उचलंना. म्हनून गायले."

आळी हसली. रडत रडत हसली. तेव्हा सालूबाईला रडू आलं, नवऱ्याचं आणि रिबकाचं आणि सगळ्यांचं, एकदम.

त्यानंतर मानमोडी ओसरली. गोष्ट इथं संपायला हवी होती, पण माणसं गोष्ट नीट संपवू देत नाहीत. पाळकबाबा आले, लिंबाखाली मंडळी बसली, आणि प्रश्न निघाला की जित्या बाईला कोंडलं कुणी. त्या रविवारी सालूबाई काय ओरडली ते सगळ्यांनी ऐकलं होतं. पण आता ती त्यांची सालूबाई झाली होती, तिच्यासाठी मेलेली माणसं गायली होती. तिचं नाव घ्यायला कुणी तयार नव्हतं. मग म्हणाले, ती तापात बोलली. बघायचं काम नहूमचं. न बघता काट्या टाकल्या नहूमनं. त्याला मंडळीबाहेर काढा.

नहूमदादा खाली मान घालून उभा राहिला. म्हणाला, "काढा."

सालूबाई ताडकन उठली. "ए नहूम, तू कशाला गप? तुला म्हाईत व्हतं का न्हाई, म्या बघितलं नव्हतं ते?"

"म्हाईत व्हतं," तो म्हणाला. "तोंडावर दिसत व्हतं. पर तुला खोटं पाडलं असतं तर तुझं गानं बंद पडलं असतं, आन् आळी मेली असती, बाई. माझं काय, म्या गेलो तर खड्डं दुसऱ्या कुनी खनलं असतं."

"तर मग ऐका सगळे," सालूबाई म्हणाली. आणि ती काय म्हणाली ते असं. गाण्यानं माणूस तगतं हे खरं. पण गाणाऱ्या बाईला देव करू नका. देव केलात की कडी कुणी लावली ते विसराल, आणि पुन्हा कुणीतरी न बघता लावील. माझं नाव घ्यायचंच असलं तर कडीसाठी घ्या.

सगळे तबिताकडं बघायला लागले. अपराध तिच्याच बाबतीत तर झाला होता. तबिता भिंतीला टेकून बसली होती.

"रिबका गेली तवा म्या हिला दोष दिला," ती म्हणाली. "त्यो खोटा व्हता, म्हनून माफ करता येईना. आता खरा दोष गावलाय. आता जमंल." आणि सालूबाईला म्हणाली, "ऊठ आक्का. दळान ऱ्हायलंय."

दोघी उठून गेल्या. त्या दिवशी जात्याच्या खुंट्याला पुन्हा दोन हात लागले. त्यानंतर वीस वर्षं, गावकुसाच्या आतल्या घरीसुद्धा कुणी मेलं की दोघींना बोलावणं यायचं. ज्यांनी शिवाशीव नको म्हणून पाणी वरनं ओतलं त्यांनी गाणं मात्र जवळ बसवून ऐकलं. सालूबाई गेली त्या पहाटे तिचं जातं एकदा आपोआप फिरलं, असं म्हणतात. तबिता सांगायची, "फिरलं न्हाई, म्या फिरवलं. कुनी तरी फिरवायाच पायजे व्हतं."

आजही आडगव्हाणच्या त्या आळीत घराच्या दाराला बाहेरनं कडी नसते. नव्या घरांना लोखंडी दारं आली, तरी बाहेरची कडी सुताराला आणि वेल्डिंगवाल्याला काढून टाकायला सांगतात. ते चक्रावतात. घरी मयत झालं की तीन वेळा ओळ टाकल्याशिवाय आणि दार उघडून डोळ्यांनी बघितल्याशिवाय माणूस मेलं असं कुणी म्हणत नाही. आणि कार्तिकातल्या पहिल्या रविवारी, तांबडं फुटायला, बाया आंबिलीचं मडकं घेऊन आळीनं निघतात. प्रत्येक दारात पहिली ओळ टाकतात, आणि आतनं दुसरी येईस्तोवर हलत नाहीत. आत कुणी रुसलेलं असलं, कुणाचं नुकतंच गेलेलं असलं, तर उशीर लागतो. लागू दे. ऊन चढलं तरी तोवर उभं राहायचं.

शेवटी सगळी आळी तबिताच्या घराच्या जागी जमते. तिथं आता नुसता चौथरा आहे, त्यावर एक मुसळ. सगळ्यांत म्हातारी बाई मुसळ उचलते, जमिनीवर एकदा आपटते आणि विचारते,

"कडी कुणी लावली गं?"

आणि लहानथोर सगळे एका आवाजात सांगतात,

"सालोमीनं."